प्रसवलक्षणें व मूढगर्भ : जुन्या वैद्यकपोथ्यांतील एक प्रकरण

जुन्या घराण्यांचे कागद चाळणारास एक गोष्ट वारंवार आढळते. घरांत मूल जन्मलें म्हणजे शक, संवत्सर, मास, तिथि, वार, नक्षत्र, घटिका व पळें इतका तपशील टिपून ठेवलेला असतो. कारण त्यावरून जातक मांडावयाचें असतें. परंतु ज्या स्त्रीच्या पोटीं तें मूल आलें तिला कळा कधीं लागल्या, किती प्रहर ती अडून राहिली, मूल डोक्यानें आलें कीं पायांनीं, वार वेळेवर पडली कीं नाहीं, याविषयीं लेखणी बहुधा मुकी असते. पुत्रजन्माची साखर वांटल्याचा जमाखर्च सांपडतो. बाळंतिणीची अवस्था सांपडत नाहीं. ती दगावली असली तर मात्र एक ओळ येते, आणि तीहि तिथीपुरतीच.

मराठ्यांच्या इतिहासांत ज्या एका प्रसूतीकडे सर्व राज्याचे डोळे लागले होते, ती पुरंदरावरील होय. ता. ३० आगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई त्या वेळीं गरोदर होती. कारभाऱ्यांनीं तिला पुरंदरावर नेऊन ठेविलें, आणि तेथें ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं तिला पुत्र झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या या अर्भकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. तेच सवाई माधवराव. रघुनाथरावाच्या पक्षानें या जन्माविषयीं संशय उठविला, व दुसऱ्या कांहीं गरोदर ब्राह्मण स्त्रिया किल्ल्यावर नेऊन ठेविल्या होत्या ही वदंता ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केली. दिवस मोजून पाहतां खुनापासून जन्मापर्यंत २३१ दिवस भरतात. मूल पूर्ण मुदतीचें धरल्यास खुनाच्या दिवशीं गर्भ महिन्या-सव्वामहिन्याचा होता असें होतें. म्हणजे नुकतीच दिवस गेल्याची शंका यावी, अशा अवस्थेंतील स्त्रीवर राज्याचा भार येऊन पडला होता! या प्रसंगाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण किल्ल्यावर तिच्या उशाशीं कोण बसलें होतें, प्रसूतीची वेळ आली हें त्यांनीं कशावरून ओळखलें असेल, आणि मूल अडतें तर त्यांच्यापाशीं उपाय कोणता होता, हे प्रश्न इतिहासकार विचारीत नाहींत. गंगाबाई पुढें १७७७ सालीं वारली.

या प्रश्नांचीं उत्तरें दप्तरांत शोधूं जाणें व्यर्थ आहे. तीं वैद्यकाच्या पोथ्यांत शोधावीं लागतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय, सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानाचा दहावा, निदानस्थानाचा आठवा व चिकित्सास्थानाचा पंधरावा, आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील शारीरस्थानाचे पहिले दोन अध्याय, एवढीं स्थळें या विषयाचीं मुख्य होत. पैकीं अष्टांगहृदयाचा आपल्या प्रांताशीं संबंध जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत त्यावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली. सुश्रुताची प्राचीन ताडपत्री प्रत नेपाळांत काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत असून ती इ. स. ८७८ मधील आहे, हें पोथीसंग्राहकांस माहीत असेलच. त्याच नेपाळांतून केवळ बाल व सूतिका यांच्याच चिकित्सेस वाहिलेली काश्यपसंहिता खंडित स्थितींत हातीं आली, व हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. ती प्रत वेळीं सांपडली नसती तर कौमारभृत्य या अंगाचा मूळ ग्रंथ म्हणून दाखविण्यास आपणांपाशीं कांहींच उरलें नसतें.

आतां लक्षणांकडे वळूं. चरकसंहितेंत प्रसूतीचा काळ जवळ आल्याचीं चिन्हें ज्या क्रमानें दिलीं आहेत तो क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. प्रथम अंग गळून गेल्यासारखें होतें, चेहरा म्लान दिसतो, डोळे शिथिल पडतात. मग छातीचें कांहीं बंधन सुटल्यासारखें वाटतें, पोट खालीं उतरतें, खालच्या भागीं जडपणा येतो. जांघाडे, बस्ति, कंबर, कुशी व पाठ यांत टोचणी लागते. योनिमार्गानें स्राव होऊं लागतो आणि अन्नावरची वासना उडते. हें सर्व झाल्यावर मग खऱ्या कळा येतात व गर्भोदक वाहतें. या खऱ्या कळांना संस्कृतांत ‘आवी’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. सुश्रुतांत हींच चिन्हें दोन पायऱ्यांत विभागलीं आहेत. कुशी सैल पडली, हृदयाचें बंधन सुटलें व ओटीपोटाच्या खालीं शूळ सुरू झाला म्हणजे स्त्री प्रसवोन्मुख झाली असें समजावें. आणि कंबर व पाठ यांना सर्व बाजूंनीं वेदना, वारंवार मलमूत्राची प्रवृत्ति व योनिमुखाशीं चिकट स्राव हीं दिसूं लागलीं म्हणजे प्रसव येऊन ठेपला असें समजावें.

छातीचें बंधन सुटल्यासारखें वाटतें हें वाक्य वाचून पुष्कळ भाषांतरकार बुचकळ्यांत पडतात, व कोणी त्याचा अध्यात्मपर अर्थहि करतात. वस्तुतः त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. गर्भ कटीच्या पोकळींत उतरला म्हणजे बरगड्यांखालचा दाब कमी होतो व गर्भिणीला श्वास मोकळा घेतां येतो. ही गोष्ट आजचे प्रसूतिशास्त्रज्ञहि नोंदवितात. आपल्याकडील बाया ‘पोट उतरलें’ म्हणतात तें हेंच. या बाबतींत मराठी बोलीनें ग्रंथांपेक्षां कमी जपून ठेवलेलें नाहीं. वेणा, कळा, पाणमोट फुटणें, अडणें, वार पडणें हे शब्द एकेका लक्षणाला वा अवस्थेला चिकटलेले आहेत. आणि पायांकडून जन्मलेल्यास ‘पायाळू’ म्हणून जन्मभर वेगळें ओळखण्याची व त्याला भूमींतलें धन वा पाणी दिसतें असें मानण्याची रीत तर अशा जन्माचें दुर्मिळत्व व धोका यांचीच साक्ष होय.

परंतु हीं लक्षणें इतक्या काटेकोरपणें कां दिलीं असावींत? ग्रंथकारांस यादी करण्याची हौस होती एवढेंच उत्तर पुरेसें नाहीं. आमच्या मतें या प्रकरणाचा सर्व रोंख एकाच गोष्टीवर आहे : कळा आल्यावांचून स्त्रीला जोर करूं देऊं नये. चरकसंहितेंत यासाठीं दिलेला दृष्टांत घरगुती आहे. शिंक, ढेंकर, वात, मूत्र व मल यांचा वेग आलेला नसतां मनुष्यानें कितीहि प्रयत्न केला तरी ते येत नाहींत, आले तरी कष्टानें. त्याचप्रमाणें आवी नसतां जोर करणाऱ्या स्त्रीचे श्रम फुकट जातात, इतकेंच नव्हे तर तिचें मूल श्वास, कास, शोष अशा व्याधींनीं ग्रस्त होतें. उलटपक्षीं वेग आला असतां तो आवरून धरणें हेंहि तितकेंच वाईट. सुश्रुतांत अकालीं जोर केल्याचीं फळें याहून भयंकर सांगितलीं आहेत : मूल बहिरें, मुकें, हनुवटी सरकलेलें, डोक्यास मार बसलेलें, कुबडें असें निपजतें. यांतील प्रत्येक व्यंगाचा संबंध त्याच कारणाशीं जोडणें आज कोणी मान्य करणार नाहीं. पण अवघड प्रसूतींत अर्भकाच्या मस्तकास इजा होते व तिचे परिणाम जन्मभर राहतात, हें निरीक्षण त्या यादीच्या बुडाशीं आहे, आणि तें खरें आहे.

म्हणून जोर कसा करावा याचेंहि माप दिलेलें आहे. सुश्रुताप्रमाणें गर्भाचें बंधन सुटून जांघाडे, श्रोणी व बस्तिशीर्ष यांत शूळ येऊं लागला म्हणजे हळूहळू. गर्भ निघूं लागला म्हणजे त्याहून अधिक. योनिमुखाशीं आला म्हणजे त्याहूनहि जोरानें, तो बाहेर पडेपर्यंत. चरकांतहि आधीं हळू, मग जोरानें, असाच क्रम आहे. एवढें सांगून चरकसंहिता थांबत नाहीं. स्त्री जोर करीत असतां भोंवतालच्या बायांनीं ती प्रसवली, भाग्याची झाली, पुत्र झाला, असें आनंदानें म्हणत राहावें, म्हणजे तिचे प्राण हर्षानें भरून येतात, असें तेथें सांगितलें आहे. मूल यावयाचें असतांच आल्याचा पुकारा करावयाचा! वैद्यकग्रंथांत असत्य बोलण्याची आज्ञा क्वचितच सांपडेल. ही त्यांपैकीं एक आहे, व ती ज्यानें लिहिली त्याला सूतिकागाराच्या दारापाशीं उभें राहून आंतील आवाज ऐकण्याचा प्रसंग आला असला पाहिजे.

या संदर्भांत चरकांतील मुसळाचा वाद विशेष मननीय आहे. कळा येऊनहि स्त्री प्रसवत नसेल तर तिला उठवावें, हातांत मुसळ द्यावें, धान्यानें भरलेलें उखळ कांडावयास लावावें, मधून मधून जांभया देण्यास व फिरण्यास सांगावें, असें कित्येकांचें मत आहे, असा पूर्वपक्ष तेथें मांडला आहे. भगवान् आत्रेय त्याचा स्पष्ट शब्दांत निषेध करतात. गर्भिणीला भारी श्रम नेहमींच वर्ज्य. मग प्रसूतीच्या वेळीं, जेव्हां शरीरांतील सर्व धातु व दोष चळलेले असतात, तेव्हां तर मुसळाच्या श्रमानें खवळलेला वायु संधि साधून त्या सुकुमार स्त्रीचे प्राण घेईल. आणि त्या वेळीं तिच्यावर उपचार करणेंहि दुर्घट. म्हणून मुसळ टाळावें. जांभई देणें व फिरणें हीं मात्र करावींत. या उताऱ्याचें महत्त्व असें कीं, पूर्वपक्ष ग्रंथांतून आलेला नसून घरांतून आलेला दिसतो. ‘कित्येक’ म्हणजे कोण? मुसळ व उखळ हीं वैद्याचीं आयुधें नव्हेत. तीं स्वयंपाकघरांतलीं आहेत. अडलेल्या बाईला कामास लावून मोकळी करावी हा उपाय बायाबायांत चालत असला पाहिजे, आणि वैद्यानें तो ऐकून, तोलून, अर्धा स्वीकारून अर्धा टाकला आहे. गंमत अशी कीं, सूतिकागारांत कोणत्या वस्तु ठेवाव्या याची त्याच अध्यायांतील यादी पाहावी तर तींत उखळ व मुसळें आहेतच!

सूतिकागारांतील दुसरी एक गोष्ट पोथीसंग्राहकांस जरा लागेल. कळा मंद असतां धुरी द्यावयाच्या द्रव्यांत, तसेंच वार पडत नसतां दिलेल्या धुरींत, भूर्जपत्र आहे. दुसऱ्या प्रसंगीं त्याच्या जोडीस काचमणि व सापाची कात. ज्या भूर्जपत्राच्या एका तुकड्यासाठीं आज ग्रंथालयें हजारो कोस माणूस धाडतील, तें येथें निखाऱ्यावर टाकावयाचें आहे. अर्थात् कोऱ्या सालीचीच धुरी देत असतील अशी आपण आशा करूं.

वार पडली कीं नाहीं हें लगेच पाहण्याची ताकीद चरकसंहितेंत आहे. न पडल्यास एका स्त्रीनें उजव्या हातानें नाभीच्या वर जोरानें दाबून डाव्या हातानें पाठीकडून धरून तिला हलवावें, केसांच्या वेणीनें घसा व टाळू यांस स्पर्श करून ओकारी आणावी, असे उपाय आहेत. हीं कामें कोणी करावयाचीं? चरक म्हणतो, अनेक वेळां प्रसवलेल्या, मायाळू, सतत जवळ राहणाऱ्या अशा पुष्कळ स्त्रिया असाव्या. सुश्रुत चौघी सांगतो : निःशंक, वयानें पोक्त, प्रसूतिकर्मांत निपुण आणि नखें कापलेल्या. या शेवटच्या विशेषणावरून आपल्या पूर्वजांस जंतुशास्त्र अवगत होतें असें अनुमान काढण्याचा मोह अलीकडे कित्येकांस होतो, तो आवरावा. हात धुण्यानें सूतिकाज्वर टळतो हें सेमेलवाइसनें व्हिएन्ना येथें १८४७ सालीं दाखविलें तें आंकडे मोजून. सुश्रुताच्या वाक्यास तसा आधार नाहीं. नखानें कोमल भाग ओरबाडतो, एवढेंच त्यांत असेल. पण तेवढेंहि ध्यानांत ठेवून लिहिणारा ग्रंथकार सामान्य नव्हे.

येथवर वैद्य आंत आलेला नाहीं. तो येतो मूढगर्भाच्या प्रकरणांत, म्हणजे गर्भ वाटेंत अडकल्यावर. सुश्रुतानें निदानस्थानांत मूढगर्भाचे चार प्रकार म्हणून दिलेले आहेत. हात, पाय व डोकें वर करून खुंटीसारखा वाट अडवून बसतो तो कील. हात, पाय व डोकें बाहेर येऊन धड अडकतें तो प्रतिखुर. डोकें व एक हात एकदम निघतात तो बीजक. आणि अडसरासारखा आडवा पडतो तो परिघ. नांवें सुबक आहेत. पण सुश्रुत लागलीच म्हणतो कीं, चारच प्रकार हें म्हणणें बरोबर नाहीं, कारण वायूनें फिरविलेला गर्भ अनेक तऱ्हांनीं येतो. आणि मग तो आठ गति वर्णन करतो. कारणें देतांना तो घोडा, वाहन, ठेंच, पडणें, मार, धांवणें, वेग आवरणें इत्यादि गोष्टी मोजतो. कटीच्या हाडांची पोकळी मुळांतच अरुंद असल्यानें मूल अडतें, हें आज ठाऊक असलेलें कारण त्यांत नाहीं. तेथें सर्व दोष वायूवर जातो. निदान कमी पडलें तरी पाहणें कमी पडलेलें नाहीं. कारण चिकित्सास्थानांत या गतींवर सांगितलेले हाताचे उपाय वाचले म्हणजे लिहिणारानें वा त्याच्या गुरूनें तें काम केलेलें आहे याविषयीं शंका राहत नाहीं.

स्त्रीला उताणी निजवावी, मांड्या दुमडाव्या, कमरेखालीं वस्त्राची उशी देऊन कंबर उंच करावी, आणि तूप व शाल्मलीसारख्या वृक्षांचा बुळबुळीत रस हातास माखून हात आंत घालावा. दोन्ही मांड्या आल्या असतील तर खालीं ओढावें. एकच मांडी आली असेल तर दुसरी सरळ करून मग ओढावें. ढुंगण आलें असेल तर तें वर लोटून पाय सरळ करावे व बाहेर काढावे. अडसरासारखें आडवें पडलें असेल तर खालचें अर्ध वर सारून वरचें अर्ध वाटेवर आणावें. खांदा आला असेल तर तो मागें लोटून डोकें मार्गावर आणावें. शेवटच्या दोन गति हातानें साधत नाहींत. तेथें शस्त्राचा विचार. हा मजकूर ज्या अध्यायांत आहे त्याच्या आरंभींच ग्रंथकारानें कबूल केलें आहे कीं, मूढगर्भ काढण्याइतकें कठीण काम दुसरें नाहीं, कारण योनि, यकृत्, प्लीहा, आंतडीं व गर्भाशय यांच्यामध्यें केवळ स्पर्शावर काम करावयाचें असतें. एका हातानें चुकल्यास गर्भालाहि इजा, गर्भिणीलाहि इजा. यासाठीं धन्याची अनुज्ञा घेऊन व पराकाष्ठेचा यत्न करूनच हात घालावा.

शस्त्राविषयींचे नियम थोडे व कठोर आहेत. गर्भ जिवंत असेल तर त्यावर शस्त्र कदापि चालवूं नये. चालविल्यास आई व मूल दोघेंहि जातात. मेलेला असेल तर मुहूर्तभरहि उपेक्षा करूं नये, कारण तो आईला लवकर मारतो. छेदनास मंडलाग्र शस्त्र घ्यावें. वृद्धिपत्र घेऊं नये, कारण तें टोंकास तीक्ष्ण असल्यानें स्त्रीला लागेल. आणि माता अकस्मात् मेली पण कुशींत गर्भाचें स्फुरण दिसत असेल, तर प्रसूतीच्या वेळीं लागलीच पोट फाडून मूल बाहेर काढावें, असें निदानस्थानाच्या त्याच अध्यायांत आहे. आई जिवंत असतां पोट फाडण्याचा उल्लेख तेथें नाहीं. तो आहे असें सांगणाऱ्यांनीं मूळ पाहावें.

मेलेल्या गर्भासाठीं मुहूर्तभरहि थांबूं नये आणि कळा नसतां घाईहि करूं नये, या दोन आज्ञा परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंचा पाया एकच आहे. दोहोंतहि वेळ ओळखणें हेंच मुख्य. सूतिकागारांतील बायांनीं ती चुकविली तर वैद्याला बोलवावें लागतें; वैद्यानें चुकविली तर पुढें कोणी नाहीं.

हें सारें ज्ञान पुरुषांनीं पुरुषांसाठीं संस्कृतांत लिहिलें, आणि बहुतेक काम मात्र अक्षरशत्रु सुइणींनीं केलें, ही या विषयांतील मोठी अडचण होय. सुइणींचे हात पोथींत किती उतरले हें मुसळासारख्या एखाद्या वादावरून तर्कानें ताडावें लागतें. ज्या पहिल्या मराठी स्त्रीनें या दोन बाजू एका ठिकाणीं पाहिल्या ती डॉ. आनंदीबाई जोशी होय. वयाच्या चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळती तर तो वांचता, ही खंत तिला विलायती विद्येकडे घेऊन गेली. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. पदवी तिनें १८८६ सालीं घेतली, आणि त्या पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेंत शिकून तिनें विषय निवडला तो आपल्या पोथ्यांतला, ही गोष्ट तिच्या चरित्रकारांनीं उल्लेखापलीकडे फारशी वाढविलेली नाहीं. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास ती वारली तेव्हां तिला बावीसावें वर्ष लागलेलें होतें. प्रबंधाचें हस्तलिखित फिलाडेल्फियासच राहिलें.

आतां ज्या एका जातीच्या कागदाकडे संग्राहकांचें लक्ष वेधावयाचें आहे त्याविषयीं. वैद्यकाच्या बाडांत नऊ घरांचें अंकयंत्र काढलेलीं पानें येतात. तीं मंत्रतंत्राचीं म्हणून बाजूस टाकण्यांत येतात, किंवा बांधणी करतांना पुट्ठ्यांत जातात. पण अशा यंत्राचें भारतांतील पहिलें निश्चित कालाचें स्थळ वैद्यकांतच आहे. सुमारें इ. स. ९०० मधील वृंदाच्या सिद्धयोग या ग्रंथांत सुखप्रसवासाठीं एक यंत्र दिलें आहे. त्याच्या पहिल्या ओळींत १६, ६, ८. दुसरींत २, १०, १८. तिसरींत १२, १४, ४. उभी, आडवी वा तिरपी कशीहि बेरीज करा, ३० येतात. प्रत्येक अंक निम्मा केला म्हणजे ८, ३, ४. १, ५, ९. ६, ७, २ असें १५ बेरजेचें यंत्र निघतें. आणि हें पंधराचें यंत्र इस्लामी जगांतहि त्याच कामासाठीं प्रसिद्ध होतें. इ. स. ११११ मध्यें वारलेल्या अल्-गझालीनें आपल्या आत्मवृत्तांत तें पाणी न लागलेल्या दोन वस्त्रखंडांवर लिहावें, अडलेल्या स्त्रीनें त्यांकडे पाहावें व तीं पायांखालीं ठेवावीं, असा प्रघात नोंदविला आहे. कोणीं कोणाचें घेतलें हा वाद येथें नको. चक्रव्यूहाची आकृति थाळींत काढून प्रसववेदना होत असलेल्या स्त्रीस दाखविण्याची, किंवा ती धुऊन तें पाणी पाजण्याची चालहि याच वर्गांतली. अभिमन्यूला ज्यांतून बाहेर येतां आलें नाहीं तो व्यूह बाहेर येऊं पाहणाऱ्या गर्भासाठीं काढावा, यांतील तर्क ज्याचा त्यानें लावावा.

यंत्रानें गर्भ हालत नाहीं, हें सांगावयास नको. परंतु प्रसवाच्या ओघांत त्याची जागा कोणती होती हा प्रश्न ऐतिहासिक आहे. आमचा तर्क असा कीं, लक्षणें दिसूं लागल्यापासून खऱ्या कळा येईपर्यंतचा जो लांब काळ, त्यांत स्त्रीनें जोर करूं नये हें ग्रंथांचें सांगणें. आणि त्याच काळांत भोंवतालच्या माणसांस कांहीं तरी केल्यावांचून राहवत नाहीं. त्या वेळीं मुसळापेक्षां अंक मांडलेला कागद हातीं देणें हें निदान निरुपद्रवी होतें. हा तर्क खरा कीं खोटा हें ठरविण्याचें साधन एकच : अशीं यंत्रें बाडांत कोणत्या मजकुराशेजारीं लिहिलेलीं आढळतात तें पाहणें. लक्षणांपाशीं, कीं मूढगर्भापाशीं, कीं वार पडण्याच्या औषधांपाशीं?

यास्तव ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांस विनंती आहे कीं, तीं बाडापासून सुटीं करूं नयेत. यंत्रांतील अंक जसेच्या तसे उतरून घ्यावे. बेरीज १५ कीं ३० हें लिहावें. मागील व पुढील पानावरील मजकुराच्या दोन-दोन ओळी, लिपि बाळबोध कीं मोडी, आणि कागदाला पाण्याचे वा हळदीकुंकवाचे डाग असल्यास तेहि टिपावे. पंधराचें यंत्र इतरहि अनेक कामांस लिहीत असल्यामुळें शेजारच्या मजकुरावांचून तें प्रसवाचेंच होतें असें धरून चालूं नये. ज्या यंत्रावर सुइणीचें किंवा बाळंतिणीचें नांव आढळेल तें पान तर सर्वांआधीं उतरून घ्यावें.